महाराष्ट्र घडवणारे कलम



तुमच्यापैकी जे हॅरो किंवा वेम्बली भागात राहतात त्यांनी घरी येणाऱ्या टपालावरचे पत्ते जरा निरखून पाहावेत. अनेक पत्त्यांच्या शेवटी अजून 'मिडलसेक्स' लिहिलेले असते. कारभाराच्या दृष्टीने ही कौंटी १ एप्रिल १९६५ रोजीच संपली. वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटने १९६३ मध्ये लंडनच्या कारभाराचा कायदा केला आणि मिडलसेक्सचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला. लेस्टरकडच्या वाचकांना शेजारच्या रटलंडची गोष्ट ठाऊक असेल. ही चिमुकली कौंटी १९७४ मध्ये लेस्टरशरमध्ये विलीन झाली. तिथल्या लोकांना ते कधीच पटले नाही, आणि १९९७ मध्ये रटलंडचा कारभार पुन्हा स्वतंत्र झाला.

नकाशावरच्या रेघा अशा पुसल्या जातात आणि पुन्हा मारल्याही जातात. आपण दरवर्षी १ मे रोजी मंडळात महाराष्ट्र दिन साजरा करतो. पोवाडा होतो, मुले फेटे बांधून नाचतात, वडापाव होतो. पण आपल्या महाराष्ट्राची रेघ कुणी मारली, कोणत्या अधिकाराने मारली, हा प्रश्न इथे वाढलेल्या मुलाने विचारला तर आपण काय सांगू? 'लोकांनी लढून मिळवला' हे उत्तर खरे आहे. 'संसदेने कायदा करून दिला' हेही खरे आहे. या दोन उत्तरांचा एकमेकांशी काय संबंध, ते या लेखात पाहू.

तीन शब्दांचा फरक: मत, संमती, अधिकार

भारताच्या राज्यघटनेतले कलम ३ अगदी लहान आहे. संसदेला त्याने पाच गोष्टींचा अधिकार दिला आहे: नवे राज्य निर्माण करणे, एखाद्या राज्याचे क्षेत्र वाढवणे, ते कमी करणे, सीमा बदलणे आणि नाव बदलणे. त्यासाठी दोन अटी आहेत. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, आणि ज्या राज्याला त्याची झळ पोचणार त्या राज्याच्या विधिमंडळाकडे ते मत देण्यासाठी पाठवावे लागते. इथे शब्द नीट वाचायला हवा. घटना मत मागवायला सांगते, संमती मिळवायला सांगत नाही. राज्याने 'नको' म्हटले तरी संसद पुढे जाऊ शकते. शिवाय पुढच्याच कलम ४ ने स्पष्ट केले आहे की असा कायदा म्हणजे घटनादुरुस्ती मानायची नाही. म्हणजे दोन तृतीयांश मतांची गरज नाही, साधे बहुमत पुरते.

अमेरिकेशी तुलना केली की हे किती वेगळे आहे ते कळते. तिथल्या घटनेनुसार एखाद्या राज्याचे तुकडे करायचे किंवा दोन राज्ये जोडायची तर त्या त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच. भारतात संघ अखंड, पण राज्यांच्या सीमा मात्र संसदेच्या हाती.

घटनाकारांनी असे का केले? घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली. प्रा. के. टी. शहा यांनी सुचवले की असा प्रस्ताव संबंधित राज्याच्या विधिमंडळातूनच निघाला पाहिजे. समितीने ते मान्य केले नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रांतांच्या बाबतीत मत अजमावण्यापुरतीच अट ठेवली. त्या वेळची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. देशात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. प्रांतांच्या सीमा ब्रिटिशांनी लढाया, तह आणि कारभाराची सोय पाहून आखलेल्या होत्या. १९३६ पर्यंत कराची आणि कारवार ही दोन्ही गावे एकाच मुंबई इलाख्यात होती, आणि सिंध वेगळा करण्याचा निर्णय झाला तो वेस्टमिन्स्टरच्या १९३५ च्या कायद्याने. मराठी माणूस तर तीन ठिकाणी विखुरला होता: पश्चिमेकडचा मुंबई राज्यात, विदर्भातला मध्य प्रांतात आणि मराठवाड्यातला निजामाच्या हैदराबादेत. गोवा पोर्तुगिजांकडे. प्रत्येक जुन्या राज्याची संमती घ्यायची ठरवली असती, तर आपल्या अंगाचा लचका कुणी आपणहून काढून दिला असता? हैदराबादने मराठवाडा सोडावा आणि मध्य प्रदेशाने विदर्भ, हे त्यांच्या मर्जीवर ठेवले असते तर कदाचित आजही महाराष्ट्र झाला नसता.

बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टर झाले. त्या काळात ते प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात राहत होते ते आता महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे स्मारक आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलेही असेल. महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांचे विचार एकाच जागी थांबले नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईसह एकच मराठी प्रांत असावा असे निवेदन दिले. १९५५ च्या पुस्तिकेत मात्र मुंबईचे वेगळे राज्य आणि उरलेल्या मराठी मुलखाची तीन राज्ये अशी मांडणी केली. कलम ३ लिहिणाऱ्यालाही रेघ कुठे मारायची याचे एकच उत्तर नव्हते. कलमाने फक्त ती कुणी मारायची हे ठरवले होते.

१९५६: संसदेचा पहिला निर्णय

पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणांतिक उपोषणानंतर १९५३ मध्ये तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य झाले. त्यानंतर न्या. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. सप्टेंबर १९५५ मध्ये त्याचा अहवाल आला. बहुतेक मोठ्या भाषांना आपापले राज्य मिळणार होते, मराठी आणि गुजराती यांना मात्र मिळून एक द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. मराठी मुलूख पेटून उठला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले आणि पुन्हा रस्त्यांवर रक्त सांडले. आपण ज्यांना १०६ हुतात्मे म्हणून स्मरतो ते या आंदोलनात गेले. त्यांच्या स्मरणार्थ फ्लोरा फाउंटनच्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात.

एप्रिल १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना विधेयक लोकसभेत आले. त्यात तीन घटक होते: मराठवाडा आणि विदर्भासह महाराष्ट्र, सौराष्ट्र आणि कच्छसह गुजरात, आणि केंद्रशासित मुंबई. कलम ३ प्रमाणे मुंबईच्या विधिमंडळाचे यावर मत घेतले गेले. जुलैमध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेले, आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले हे गृहस्थ मोर्चे काढणाऱ्यांतले नव्हते. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता झाला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांनी लोकसभेत उभे राहून सांगितले. सत्तेतल्या माणसाने खुर्ची सोडून संसदेतच जाब विचारला, याचे महत्त्व या देशात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

ऑगस्टमध्ये चक्रे एकदम फिरली. विविध पक्षांच्या खासदारांनी सुचवलेला तोडगा स्वीकारून संसदेने तीन घटकांऐवजी एकच विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य केले. विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, सगळे त्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले.

इथे एक प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या विधिमंडळाने मत दिले ते तीन घटकांच्या योजनेवर. संसदेने मंजूर केली ती वेगळीच योजना, आणि ती विधिमंडळाकडे कधी पाठवलीच नव्हती. मग कलम ३ ची अट पाळली गेली का? बाबुलाल पराते यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे त्यांच्या बाजूने असेही मांडले गेले की 'राज्य' म्हणजे निव्वळ जमीन नव्हे, तिथली माणसेही. त्यांना आपल्या प्रतिनिधींमार्फत बोलण्याची संधी मिळायला हवी. २८ ऑगस्ट १९५९ रोजी न्यायालयाने निकाल दिला: मूळ विधेयकातला प्रस्ताव विधिमंडळाकडे पाठवला म्हणजे अट पूर्ण झाली. संसदेत चर्चा होताना दुरुस्त्या होणारच, प्रत्येक दुरुस्तीसाठी पुन्हा विचारायला जाण्याची गरज नाही. शेवटचा शब्द संसदेचाच. हा निकाल आजही राज्यनिर्मितीच्या प्रत्येक वादात पुढे केला जातो.

१९६०: संसदेचा दुसरा निर्णय

निकाल पराते यांच्या विरुद्ध गेला, पण तोवर दुसऱ्या न्यायालयाचा निकाल लागून दोन वर्षे झाली होती. ते न्यायालय मतदारांचे.

फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट; एरवी एका पंगतीत न बसणारी ही माणसे एका मागणीसाठी एकत्र आली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा जबरदस्त पराभव झाला. तिकडे अहमदाबादेत महागुजरातच्या मागणीवर इंदुलाल याज्ञिक निवडून आले. दोन्ही बाजूंच्या लोकांना न पटलेले राज्य चालवणे अवघड आहे, हे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आणि दिल्लीतले नेते या दोघांनाही हळूहळू उमगले.

एप्रिल १९६० मध्ये संसदेने मुंबई पुनर्रचना कायदा केला. त्यातली एक गंमत फार थोड्यांना माहीत असते. या कायद्याप्रमाणे 'नवे राज्य' म्हणून निर्माण झाले ते गुजरात. मुंबई राज्यातून गुजरातचा मुलूख वेगळा काढला आणि उरलेल्या मुंबई राज्याचे नाव महाराष्ट्र ठेवले! कायद्याच्या कागदावर महाराष्ट्राचा जन्म म्हणजे एक नामांतर आहे. डांग जिल्हा गुजरातकडे गेला, मुंबई महाराष्ट्राकडे राहिली, आणि १ मे १९६० चा दिवस उजाडला.

पाहा, कलम तेच, संसद तीच, साधे बहुमतही तेच. त्याच अधिकाराने १९५६ मध्ये महाराष्ट्र नाकारला आणि साडेतीन वर्षांनी दिला. रेघ साध्या कायद्याने मारता येते म्हणून ती चुकीची मारली जाऊ शकते, आणि त्याच कारणाने ती दुरुस्तही करता येते. घटनादुरुस्तीची अट असती तर १९६० सुद्धा इतक्या लवकर आले नसते.

जिथे दुरुस्ती झाली नाही

पण हे सगळ्यांच्या वाट्याला आले नाही. तुमच्यापैकी कुणाचे माहेर बेळगावचे असेल, कुणाचे आजोळ निपाणीचे. १९५६ च्या कायद्याने बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड महाराष्ट्रात आला, पलीकडची गावे राहून गेली. १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याने बेळगाव शहरावरचा महाराष्ट्राचा दावा मान्य केला नाही, आणि महाराष्ट्राने अहवाल स्वीकारला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तो अजून प्रलंबित आहे. सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ प्रमाणे फक्त संसदेचा, न्यायालयाचा नव्हे, अशी कर्नाटकाची बाजू आहे. वर आपण पाहिलेलाच मुद्दा इथे मराठी माणसाच्या विरुद्ध उभा राहतो. संसदेत मात्र एखाद्या सीमाभागाची मते देशाचे गणित बदलण्याइतकी नसतात.

या संदर्भात बॅरिस्टर नाथ पै आठवतात. लंडनमध्ये कायदा शिकलेले नाथ पै १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि तिथल्या उत्तम वक्त्यांत त्यांची गणना झाली. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही असा निकाल दिला. तेव्हा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून विधेयक मांडणारे नाथ पैच होते. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहावर त्यांचा इतका विश्वास होता. आणि त्याच संसदेच्या कायद्याने कर्नाटकात गेलेल्या मराठी गावांसाठी ते शेवटपर्यंत झगडले. जानेवारी १९७१ मध्ये बेळगावात सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या स्मरणसभेत बोलल्यानंतर तिथेच त्यांचे निधन झाले. संसदेवर विश्वास आणि संसदेच्या निर्णयाविरुद्ध लढा या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्याकडून शिकावे.

लोकांना विचारले तेव्हा

कलम ३ लोकांना थेट विचारायला सांगत नाही, पण मनाईही करत नाही. गोव्याच्या बाबतीत संसदेने १९६६ मध्ये खास कायदा करून जनमत कौल घेतला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावर मते दिली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१. महाराष्ट्रातल्या अनेकांना निकाल लागला, वाईट वाटले. पण तो वाद तिथे मिटला. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झाले, आणि आज आपल्या मंडळात गोव्याची मंडळी गणपतीला आपल्याबरोबरच आरती म्हणतात.

याच्या उलट २०१४ मध्ये तेलंगणाचे विधेयक आंध्र प्रदेशच्या विधानसभेने फेटाळून लावले, तरी संसदेने ते मंजूर केले आणि २ जूनला नवे राज्य झाले. कायद्याने ते बिनचूक होते; पराते यांच्या खटल्यात ठरलेलेच. तेलंगणात त्या दिवशी फटाके वाजले, पलीकडे कित्येकांना आपल्याला विचारलेच नाही असे वाटत राहिले.

आता आपल्या इथल्या नकाशाकडे या. ग्लासगो, एडिनबरा, ॲबरडीनच्या वाचकांनी १८ सप्टेंबर २०१४ चा रेफरन्डम पाहिला आहे. वेस्टमिन्स्टरने परवानगी दिली म्हणून तो झाला, आणि ५५ टक्के लोकांनी युनायटेड किंगडममध्ये राहायचे ठरवले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय स्कॉटिश पार्लमेंटला दुसरा रेफरन्डम घेण्याचा कायदा करता येणार नाही. एरवी स्कॉटिश पार्लमेंटच्या अखत्यारीतल्या विषयांवर वेस्टमिन्स्टर तिच्या संमतीशिवाय कायदा करत नाही असा प्रघात आहे, पण तो राजकीय प्रघात आहे, न्यायालय तो बजावू शकत नाही, हे ब्रेक्झिटच्या खटल्यात २०१७ मध्येच ठरले होते. मत विचारायचे, पण संमती बंधनकारक नाही: ओळखीचे वाटते ना? लिखित घटना असलेला भारत आणि नसलेले ब्रिटन या एका प्रश्नावर बरेच जवळ येतात. स्कॉटलंडने राहावे की जावे याबद्दल आपल्या मंडळातही दोन मते असतील; ती असोत.

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. सीमा आखण्याचा अधिकार एका ठिकाणी असावा लागतो आणि घटनेने तो संसदेला दिला हे आपल्या दृष्टीने भाग्याचेच ठरले. पण तो अधिकार वापरून केलेले राज्य लोकांनी आपले मानले तरच टिकते. १९५६ चे राज्य कायद्याने निर्दोष होते, साडेतीन वर्षांत मोडले. १९६० चे टिकले. गोव्याचा प्रश्न लोकांना विचारल्याने सुटला. बेळगावचा कायद्याने केव्हाच संपला आहे असे म्हणता येईल, पण तिथल्या घरांत तो संपलेला नाही.

मग इथे बसून आपण काय करायचे? एक गोष्ट नक्की करता येते. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला आणि तुम्ही इथे रीतसर राहत असलात, तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येते. त्यासाठी काउन्सिलकडे नाव नोंदवलेले असावे लागते. भारतातल्या मतदार यादीतही अनिवासी भारतीय म्हणून नाव घालता येते, मात्र मत द्यायला तिथे स्वतः जावे लागते. ब्रिटिश पासपोर्ट घेऊन ओ.सी.आय. कार्ड बाळगणाऱ्यांना भारतात मत नाही, इथे आहे. येत्या १ मे रोजी मुलांनी फेटे बांधले की त्यांना ही गोष्ट सांगा: महाराष्ट्र हुतात्म्यांनी मागितला, मतदारांनी मतपेटीतून पुन्हा मागितला, आणि मग संसदेने दिला. आणि घरात अठरा वर्षांचे कुणी झाले असेल, तर त्याचे किंवा तिचे नाव मतदार यादीत आहे का, तेही याच दिवाळीत पाहून घ्या.